सुटे भाग चालू, पण मेळ कुठे आहे?

आमच्या परिचयाचे एक शिवणकाम करणारे गृहस्थ आहेत. शाळांच्या गणवेशाचे काम ते घेतात. जून-जुलैच्या हंगामातली कमाई बाजूला ठेवून त्यांनी गेल्या वर्षी मुलाला संगणक घेऊन दिला. मुलाला गेम खेळायचे होते हे खरेच, पण त्याच यंत्रावर व्हिडिओ एडिटिंग शिकून चार पैसे मिळवण्याचाही त्याचा विचार होता. दुकानदाराने अठरा हजार रुपयांत 'आय-सेव्हन, सोळा जीबी रॅम, चार जीबी ग्राफिक्स कार्ड' असा तयार संच दिला आणि वर म्हणाला, "चाचा, आय-सेव्हन आहे. पाच वर्षे बघायला नको." बिल म्हणून एका चिठ्ठीवर 'कॉम्प्युटर सेट, रु. १८,०००' एवढेच लिहून दिले.

तिसऱ्या आठवड्यापासून गेम सुरू केला की दहा-पंधरा मिनिटांत संगणक आपोआप बंद पडू लागला. एके दिवशी तो सुरूच होईना. दुकानदार म्हणाला, "पोरगा दिवसभर गेम खेळतो, मग मशीन काय करणार?" घरी बापाने मुलाला रागे भरले. मुलगा गप्प बसला.

आम्ही एका जाणत्या मेकॅनिकला सोबत घेऊन ते कॅबिनेट उघडले. आत जे दिसले ते आमच्या व्यापारी बंधूंपुढे आणि कारागीर वाचकांपुढे ठेवावेसे वाटते. कारण असे संच विकणारेही आपल्यातलेच आहेत आणि विकत घेणारेही.

आत काय होते?

प्रोसेसर आय-सेव्हनच होता, पण तिसऱ्या पिढीचा, म्हणजे २०१२ सालचा. मदरबोर्ड दिसायला नवा कोरा, बिननावाचा, परंतु त्यावरचा एच-६१ चिपसेट २०११ सालचा. ग्राफिक्स कार्डावर 'जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी' असे चिकटवलेले होते. मेकॅनिकने दुसऱ्या यंत्रात ते लावून 'जीपीयू-झेड' हा फुकट मिळणारा प्रोग्राम चालवला, तेव्हा आतली चिप २०१० सालच्या जीटीएस ४५० या कार्डाची निघाली. जुन्या चिपवर नवे नाव चढवून विकलेली अशी कार्डे बाजारात फिरतात आणि हा प्रोग्राम २०१८ पासून ती पकडून नावापुढे 'फेक' असे दाखवतो. या जुन्या चिपसाठी मूळ कंपनीने नवे ड्रायव्हर देणेही २०१८ सालीच थांबवले.

आता एसएमपीएस पाहा, म्हणजे विजेचा डबा. वर ठळक अक्षरांत ४५० वॅट. पण बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर लिहिलेले. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ही दोन्ही मुख्यतः १२ व्होल्टवरच चालतात. १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॅट. तिसऱ्या पिढीच्या आय-सेव्हनची मागणी ७७ वॅटची, त्या जुन्या चिपची १०६ वॅटची. दोन्ही मिळून १८३. गेम सुरू झाला की दोघेही एकाच वेळी पूर्ण जोराने काम करणार आणि १६८ च्या डब्याकडे १८३ मागणार. संगणक बंद पडणार नाही तर काय होईल? शेवटी तो डबा जळाला आणि जाताना बोर्डही घेऊन गेला.

मुलाचा यात काडीचाही दोष नव्हता. संगणकावर गेम खेळला म्हणून संगणक जळत नाही. गेमकरिताच विकलेला संच गेमच्या ओझ्याने जळला, तर दोष जोडणाऱ्याचा.

स्वस्त म्हणजे काय?

विकणाऱ्याच्या बाजूनेही विचार करू. कार्डाची लबाडी सोडली, तर प्रोसेसर चालू होता, रॅम चालू होती, बोर्ड चालू होता. "चालू माल दिला," असे तो म्हणेल आणि ते एका अर्थी खोटे नाही. परंतु सुटा भाग चालू असणे वेगळे आणि एकमेकांशी जुळणे वेगळे. मिरजेचा तंबोरा करणारा कारागीर कोणताही भोपळा उचलून कोणत्याही दांडीला जोडत नाही. भोपळ्याचा घेर पाहून तो दांडी ठरवतो. शिंप्याला ठाऊक असते की जाड कापडाला बारीक सुई लावली तर सुईही मोडते आणि टाकाही सुटतो. हे ज्ञान आपल्या हातांत पिढ्यान् पिढ्या आहे. मग संगणकाच्या दुकानात शिरताच आपण ते दाराबाहेर का ठेवतो?

आमचे मत स्पष्ट आहे. कमी पैशांत गेमिंग संगणक बनवायचा असेल, तर भागांच्या नावावर पैसा घालू नये, त्यांच्या मेळावर घालावा. मेळ नसलेला अठरा हजारांचा संच हा मेळ असलेल्या पस्तीस हजारांच्या संचापेक्षा महाग असतो, कारण पहिला दोनदा घ्यावा लागतो.

उलट्या क्रमाने निवड करा

बहुतेक गिऱ्हाईक 'आय-फाईव्ह की आय-सेव्हन?' येथून सुरुवात करते. खरी सुरुवात कामापासून व्हावी. कोणते गेम, कोणत्या पडद्यावर? व्हॅलोरंट, काउंटर स्ट्राईक यांसारख्या गेमची मागणी माफक असते. नवे, भारी चित्रांचे गेम कार्डाकडून बरेच अधिक मागतात. पडदा साधा फुल एचडी असेल, तर त्याच्या चौपट ठिपक्यांच्या फोर-के पडद्यासाठी लागणारे कार्ड घेणे म्हणजे सायकलला ट्रकचे चाक लावणे होय.

काम ठरले की ग्राफिक्स कार्ड ठरते. गेमिंग संगणकात सर्वांत मोठा हिस्सा कार्डाचा असावा, प्रोसेसरचा नव्हे. उदाहरण म्हणून आरएक्स ६६०० हे २०२१ साली आलेले कार्ड घेऊ. ८ जीबी मेमरी, मागणी १३२ वॅट, विजेची एक आठ पिनांची जोडणी. फुल एचडीला ते पुरेसे आहे. याउलट २०२२ साली आलेले आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त म्हणून पुष्कळांनी घेतले, पण ते बोर्डाशी केवळ चार मार्गिकांनी बोलते. चौथ्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेस जोडणीवर हे चालून जाते. जुन्या, तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर मात्र त्याच कार्डाचा वेग चांगलाच घटतो. जुन्या बोर्डाच्या मालकानेच स्वस्त कार्ड घ्यावे आणि त्यालाच ते कमी चालावे, असा हा प्रकार आहे. किमतीच्या चिठ्ठीवर ही गोष्ट कोणी लिहीत नाही.

त्यानंतर प्रोसेसर आणि मदरबोर्ड ही जोडी. ती जोडी म्हणूनच घ्यावी. पहिली पाहणी सॉकेटची. पण सॉकेटचा आकडा जुळला म्हणजे झाले, असे समजू नये. इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीचे सॉकेट एलजीए ११५१, आणि २०१७ च्या अखेरीस आलेल्या आठव्या पिढीचेही ११५१. टोके तेवढीच, प्रोसेसर बसतोही, पण आठव्या पिढीचा प्रोसेसर जुन्या बोर्डावर सुरू होत नाही. आकड्यावर विश्वासून घेणाऱ्यांचे पैसे अडकले. तेव्हा सॉकेटसोबत चिपसेटही पाहावा.

एएमडीच्या एएम ४ सॉकेटवर रायझेनच्या अनेक पिढ्या चालतात, ही कमी पैसेवाल्याच्या सोयीची गोष्ट आहे. परंतु २०१८ च्या बी ४५० बोर्डावर २०२२ चा रायझेन ५ ५६०० बसवायचा, तर बोर्डाचे बायॉस आधी नवे करून घ्यावे लागते. नाहीतर पंखे फिरतात आणि पडदा काळा राहतो. बोर्ड बनवणारी कंपनी प्रत्येक मॉडेलसाठी चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी देते आणि कोणत्या बायॉसपासून चालतो तेही लिहिते. ती यादी पाहायला पाच मिनिटे लागतात.

प्रोसेसरच्या नावापुढचे अक्षरही वाचावे. इंटेलच्या आय-थ्री १२१०० एफ मधला 'एफ' म्हणजे आत चित्र दाखवण्याची सोय नाही. रायझेन ५ ५६०० मध्येही ती नाही, ५६०० जी मध्ये आहे. 'आधी संगणक घेऊ, कार्ड पुढच्या ईदला घेऊ' असा बेत असेल, तर एफवाला प्रोसेसर घेऊन तोपर्यंत काळा पडदा पाहत बसावे लागेल. या बेताला जी बरा. कार्ड पहिल्याच दिवशी घेणार असाल तर एफवाल्यात पैसे वाचतात. दोन्ही मार्ग बरोबर आहेत, फक्त आपला कोणता ते आधी ठरले पाहिजे.

रॅमच्या बाबतीत डीडीआर ४ आणि डीडीआर ५ या दोन्ही पट्ट्यांना २८८ पिना असतात, पण खाच वेगळ्या जागी असते. एकीच्या जागी दुसरी बसत नाही, आणि जोर लावला तर बोर्ड फुटतो. एएम ५ सॉकेटवर फक्त डीडीआर ५ चालते. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीत बोर्डाप्रमाणे चार किंवा पाच. दुसरे असे की सोळा जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन घ्याव्यात. दोन पट्ट्या दोन वाटांनी काम करतात आणि गेममध्ये त्याचा फरक दिसतो. चार खाचांच्या बोर्डावर दोन पट्ट्या बहुधा प्रोसेसरकडून मोजता दुसऱ्या व चौथ्या खाचेत बसवतात. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव कडाडले, तेव्हापासून आठ जीबीची एकच पट्टी घालून 'गेमिंग पीसी' विकण्याचा मोह वाढला आहे. घेणाऱ्याने पट्ट्या किती, हे विचारावेच.

डबा शेवटी, पण दुय्यम नव्हे

सगळ्यात जास्त हयगय एसएमपीएसची होते. गिऱ्हाइकाला तो दिसत नाही, म्हणून दुकानदार तेथे हजार-पाचशे वाचवतो. हिशेब अवघड नाही. वरच्या उदाहरणात कार्ड १३२ वॅट, रायझेन ५ ५६०० पूर्ण जोरात साधारण ७५, बाकी बोर्ड, डिस्क, पंखे मिळून ५० धरा. एकूण सुमारे २५७ वॅट. त्याला १२ ने भागा, म्हणजे साडेएकवीस अँपिअर. तेव्हा ज्याच्या तक्त्यात १२ व्होल्टपुढे तीस किंवा अधिक अँपिअर लिहिले आहेत आणि ज्याला '८० प्लस'चे प्रमाणपत्र आहे, असा ४५० ते ५०० वॅटचा नावाजलेला डबा घ्यावा. या कार्डाला कंपनीनेही किमान ४५० वॅटचीच शिफारस केली आहे. साडेसातशेचा घेण्याची गरज नाही आणि चिकटपट्टीवरच्या ४५० वर विसंबण्याचीही नाही. घरात अर्थिंग नीट आहे ना, हेही वायरमनकडून तपासून घ्यावे.

यूपीएसलाही हाच हिशेब लागू आहे. ६०० व्हीए असे लिहिलेल्या लहान यूपीएसची खरी ताकद साधारण ३६० वॅटची असते. त्यावर संगणक आणि पडदा चालवताना गेम रंगात असताना वीज गेली, तर फार वेळ मिळणार नाही.

कॅबिनेट घेताना मिलिमीटर मोजावेत. मायक्रो एटीएक्स बोर्ड २४४ बाय २४४ चा, पूर्ण एटीएक्स ३०५ बाय २४४ चा. कार्डाची लांबी आणि कूलरची उंची कॅबिनेटमध्ये मावते का, ते दोन्हींच्या माहितीपत्रकावर असते. समोर काच आणि रंगीत दिवे असलेल्या कॅबिनेटपेक्षा समोरून हवा घेणारे जाळीचे कॅबिनेट आपल्या उन्हाळ्यात बरे. आणि सगळे जोडून झाल्यावर पडद्याची केबल मदरबोर्डाला न लावता कार्डाला लावा. ही चूक हसण्यासारखी वाटेल, पण महागडे कार्ड घेऊनही ते न वापरणारे आम्ही पाहिले आहेत.

जुना माल हा गुन्हा नाही

आमचे काही दुकानदार बंधू म्हणतील, "गिऱ्हाईकच स्वस्त मागते. आम्ही खरी किंमत सांगितली, तर ते शेजारच्या दुकानात जाते." हे म्हणणे आम्ही उडवून लावत नाही. लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या बाजारापर्यंत घासाघीस कशी चालते, हे आम्हांला ठाऊक आहे. पाचशे रुपयांसाठी तासभर बसणारे आणि मग 'आय-सेव्हन'च्या नावावर भुलणारे गिऱ्हाईकही दोषी आहे.

परंतु यावर उपाय ऐब दडवणे हा नव्हे. जुना माल विकायला कोणाचीच हरकत नाही. कंपन्यांतून निघालेले कार्यालयीन संगणक घेऊन त्यांत जीटीएक्स १६५० सारखे ७५ वॅटचे कार्ड टाकणे, हा गरिबाचा चांगला मार्ग आहे. यातली काही कार्डे विजेची वेगळी जोडणी न मागता थेट बोर्डावर चालतात. पण तेथेही मेळ पाहावा लागतो. अशा संगणकांचा एसएमपीएस पुष्कळदा कंपनीच्या खास जोडणीचा असतो, बाजारातला त्याला लागत नाही. बारीक कॅबिनेट असेल तर कमी उंचीचेच कार्ड बसते. शिवाय इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा असेल, तर विंडोज ११ त्याला अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ वर व्हॅलोरंट खेळायचा तर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागते. हे सारे गिऱ्हाइकाला सांगून, 'जुना आहे, एवढे चालेल, एवढे चालणार नाही,' असे म्हणून विका. तो घेईल किंवा घेणार नाही, पण परत येऊन तुमच्या दारात भांडणार नाही.

आमच्या समाजातील पुष्कळ तरुण आज असेंब्लीच्या व दुरुस्तीच्या धंद्यात उतरत आहेत. या धंद्याला पेढी लागत नाही. एक टेबल, चार स्क्रू ड्रायव्हर आणि शब्दाची किंमत एवढ्यावर तो उभा राहतो. पहिल्या दोन गोष्टी बाजारात मिळतात, तिसरी एकदा गेली की मिळत नाही. त्यांना आमचे सांगणे इतकेच आहे :

'कॉम्प्युटर सेट' असे बिल देऊ नका. प्रत्येक भागाचे पूर्ण मॉडेल, नवा की जुना, हमी किती आणि कोणाची, हे स्वतंत्र ओळीत लिहा. जीएसटीचे पक्के बिल द्या. त्याशिवाय कंपनीकडे हमी मागताना गिऱ्हाईक अडते आणि ते तुमच्याकडेच येते. संच देण्यापूर्वी त्याच्यासमोर तासभर गेम चालवून दाखवा. बाहेरून घेतलेले प्रत्येक ग्राफिक्स कार्ड स्वतः तपासून घ्या, कारण तुम्हांला कोणी फसवले हे तुमच्या गिऱ्हाइकाला कळत नाही, त्याच्या लेखी तुम्हीच फसवलेले असते.

घेणाऱ्यांना सांगणे त्याहूनही सोपे आहे. कापड घेताना आपण पन्हा विचारतो, सोने घेताना कॅरेट विचारतो. संगणक घेताना पाच प्रश्न विचारा. प्रोसेसर कोणत्या पिढीचा? बोर्डाचे मॉडेल काय? रॅमच्या पट्ट्या किती? कार्डाचे खरे नाव काय? एसएमपीएसवर १२ व्होल्टपुढे किती अँपिअर? पाचही उत्तरे लिहून द्यायला जो दुकानदार कां-कूं करील, त्याच्याकडून उठा.

आता त्या शिवणकामवाल्या गृहस्थांविषयी. आम्ही तो तक्ता आणि हिशेब घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने आधी हुज्जत घातली. मग १६८ आणि १८३ हे दोन आकडे एकाखाली एक लिहून दाखवले, तेव्हा तो नरमला. कार्ड आपल्यालाही कोणीतरी असेच दिले, असे तो म्हणाला आणि ते खरे असेलही. त्याने सात हजार रुपये परत दिले. उरलेले अकरा हजार बुडाले, म्हणजे गणवेशाच्या हंगामातले बरेच दिवस बुडाले. घरी आल्यावर त्या गृहस्थांनी मुलाला समोर बसवून सांगितले, की चूक तुझी नव्हती. मुलगा आता स्वतः यादी करतो आहे. सॉकेट, चिपसेट, वॅट, मिलिमीटर असे सगळे रकाने आखून. पैसे पुरेसे साठेपर्यंत त्याला वेळ आहे, आणि यादी नीट करायला वेळ लागलेला बरा.